जर्मनच्या तासाला पंचगंगा

प्रश्न असा आला आहे: "मी कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला जर्मन शिकवते. आठवड्याला दोन तास मिळतात. पर्यावरणाची जबाबदारी तुमच्याही विषयातून शिकवली गेली पाहिजे, असं यंदा विभागप्रमुखांनी सांगितलंय. मुलांचं अजून डेर-डी-दास, म्हणजे नामांची लिंगं, पक्कं नाही, त्यात हे कुठं बसवू? आणि प्रवचन वाटणार नाही असं कसं करू?"

मॅडम, हे बसतं, आणि भाषेचा एकही तास न गमावता बसतं. फक्त 'पर्यावरण' नावाचं वेगळं प्रकरण अभ्यासक्रमाच्या शेपटाला बांधू नका. ते बांधलं की काय होतं ते मी आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. सेमिस्टर संपता संपता एक तास काढायचा, वीसेक नवे शब्द फळ्यावर लिहायचे, 'झाडे लावा'चं पोस्टर जर्मनमध्ये करून घ्यायचं, फोटो काढायचा आणि तो एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फाइलला लावायचा. मुलं शब्द पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि सुट्टीत विसरतात. त्यात भाषाही पक्की होत नाही आणि पर्यावरणही डोक्यात शिरत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मुलांना माहिती कमी नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरणाचा विषय असावा असा आदेश दिला, तेव्हापासून शाळेत आणि पुढं पदवीलाही तो सक्तीचा होत गेला. पाण्याचं प्रदूषण मोजणारे बीओडी म्हणजे काय, सीओडी म्हणजे काय हे दुसऱ्या वर्षाचा मुलगा झोपेतून उठवला तरी सांगेल. पण या सगळ्यात आपण स्वतः कुठं उभे आहोत हे एका वाक्यात सांगायची त्याला सवय नाही. ती सवय लावायला भाषेच्या तासासारखी जागा दुसरी नाही, कारण वाक्य कसं उभं राहतं हेच तर आपण तिथं शिकवतो.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त काम करून जातो तो कर्मणी प्रयोगाचा धडा. ए-वन, ए-टू, बी-वन या चढत्या पातळ्यांपैकी ए-टूच्या शेवटी किंवा बी-वनच्या सुरुवातीला तो येतोच. पाठ्यपुस्तकात गाडी दुरुस्त केली जाते, केक भाजला जातो अशी वाक्यं असतात. मी फळ्यावर लिहिते: 'दास आबवासर विर्ट इन देन फ्लुस गेलाइटेट.' सांडपाणी नदीत सोडलं जातं. व्याकरण बरोबर आहे का विचारते. बरोबर आहे. मग विचारते, सोडतं कोण? जर्मन कर्मणी वाक्यात कर्ता दाखवायचा तर 'फॉन' ('-कडून') घालून पुढं दातीफ विभक्ती लावावी लागते, हा नियम तसाही शिकवायचाच असतो. पहिलं उत्तर हमखास येतं, कारखान्याकडून. ते फळ्यावर लिहायचं आणि वाक्य कर्तरीत फिरवून घ्यायचं: कारखाना सांडपाणी नदीत सोडतो. मग पुढचा प्रश्न, कारखान्याला हात असतात का? कुणीतरी म्हणतं, ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडतो. त्याला उघडायला सांगतं कोण? शिफ्ट इन्चार्ज. तो का सांगतो? इथं 'वाइल'चं ('कारण'चं) उपवाक्य आलं, क्रियापद शेवटी. कारण टाकी भरली आहे. कारण उद्याचं डिस्पॅच थांबेल. कारण ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) चालवायला वीज लागते आणि बिल वाढतं. ही कारणं मी सांगत नाही, मुलंच सांगतात. त्यातल्या निम्म्यांचे काका-मामा शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत किंवा इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमध्ये कामाला असतात, त्यामुळं त्यांना ही वाक्यं कुठून शोधावी लागत नाहीत. शेवटी मी विचारते, टाकी भरते कारण ती लहान आहे. ती एवढीच असावी हे ठरवलं कुणी, ड्रॉइंगवर सही कुणाची? उत्तर येतं, इंजिनिअरची.

एका तासात वर्गानं कर्मणी, कर्तरी, फॉनसोबतचा दातीफ आणि वाइलचं उपवाक्य एवढं सगळं वापरलेलं असतं, आणि तेही खऱ्या गरजेनं. कर्ता मात्र नदीकाठावरून सरकत सरकत त्यांच्या बाकापर्यंत आलेला असतो. मी त्यावर एक शब्दही बोलत नाही आणि तुम्हीही बोलू नका. लगेच गृहपाठ द्या.

हे परकीय भाषेतच का होतं, यावर मी बराच विचार केला आहे. 'पंचगंगेत मासे मेले', 'केंदाळ वाढलं', 'पाणी काळं पडलं' ही वाक्यं आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि बोलतो. ती इतकी कानावरची आहेत की त्यात करणारा कुणीच नाही हे जाणवतही नाही. जर्मनमध्ये मात्र मुलाला एकेक तुकडा जुळवून वाक्य उभं करावं लागतं, म्हणून रिकामी जागा दिसते. भाषा कच्ची असणं इथं उपयोगाला येतं. लांबलचक पल्लेदार निबंध लिहिता येत नाही, त्यामुळं 'मानवाने निसर्गाशी मैत्री करावी' असली वाक्यं आपोआप गळून पडतात आणि 'मी कूलंट (यंत्र थंड ठेवणारं द्रव) बेसिनमध्ये ओततो' एवढं साधं, खरं वाक्य उरतं.

जपानी शिकवणाऱ्यांसाठीही एक वाट आहे. जपानीत कर्ता सहज गाळला जातो, म्हणून वरचा प्रयोग तसाच्या तसा चालत नाही. पण तिथं अकर्मक-सकर्मक क्रियापदांच्या जोड्या आहेत. 'मिझु गा योगोरेता' म्हणजे पाणी घाण झालं, 'मिझु ओ योगोशिता' म्हणजे पाणी घाण केलं. मराठी मुलांना ही जोडी समजावून सांगावी लागत नाही, कारण तुटलं-तोडलं, पडलं-पाडलं आपल्या रक्तात आहे. एकाच बातमीतली क्रियापदं आधी एका रूपात आणि मग दुसऱ्या रूपात लिहायला लावायची, एवढंच.

ए-वनच्या मुलांसाठी काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. जुलैत तास सुरू होतात तेव्हा आकडे शिकवायचे असतात आणि नेमका पंचगंगेला पूर येतो. राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी रोज प्रत्येकाच्या मोबाइलवर असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापूरच्या पोराला पाढ्यासारखे पाठ असतात. तासाची सुरुवात त्यानंच करा: आज किती, काल किती, जास्त की कमी. तरतमभाव पुढं येतो तेव्हा २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षं शेजारी मांडा. २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, त्या वेळी तुमचे विद्यार्थी शाळेत होते आणि कित्येकांच्या घरात पाणी होतं. सिव्हिलच्या मुलांना पूररेषेचा नकाशा दाखवून 'इथं काय आहे' एवढंच विचारा. घर आहे, हॉस्पिटल आहे, पेट्रोल पंप आहे, मंगल कार्यालय आहे. 'एस गिब्ट'चा ('तिथं आहे'चा) सराव होतो. त्या इमारतींचे प्लॅन कुणी काढले असतील हे पुढच्या सेमिस्टरला विचारता येतं.

कचऱ्याचा धडा जवळपास प्रत्येक जर्मन पुस्तकात कुठं ना कुठं असतो. पिवळी पेटी वेष्टनांची, निळी कागदाची, तपकिरी जैविक कचऱ्याची, उरलेल्याची राखाडी किंवा काळी. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या आणि त्याही रविवारी टाकायच्या नाहीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत, बाटली परत केली की पैसे परत. ही सक्ती २००३ पासूनची. मुलांना हे सगळं फार आवडतं, आणि शिक्षक नेमके इथंच घसरतात. 'बघा, तिकडं किती शिस्त, आणि आपल्याकडं कोंडाळ्याबाहेर कचरा' असं एकदा वर्गात म्हटलं की विषय संपला. मुलगा मनात म्हणतो, तिकडं गेलो की मीही पाळीन. जबाबदारी विमानात बसल्यावर सुरू होते, असा त्यातून अर्थ निघतो. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण आपले बरेच विद्यार्थी जर्मन शिकतात तेच तिकडं जायला.

म्हणून पुस्तकातला धडा संपला की मी हॉस्टेलची नियमावली लिहून घेते. जर्मनीतल्या हॉस्टेलची नव्हे, आपल्या इथल्या. 'म्युसन' (करावंच लागतं) आणि 'ड्युर्फन' (करायची परवानगी आहे) ही दोन सहायक क्रियापदं वापरून सहा वाक्यं. अट एकच: सकाळी येणाऱ्या कचऱ्याच्या टिपरला जे खरोखर दोन भागांत देता येतं तेच लिहायचं, नसलेल्या पिवळ्या पेट्या लिहायच्या नाहीत. मुलं आधी 'मान मुस' म्हणून सुरुवात करतात, म्हणजे 'माणसानं करावं'. पहिला मसुदा तसाच घ्या, दुसऱ्या मसुद्यात मात्र 'इश' आणि 'विर' हवं: मी, आम्ही. क्रियापदाची रूपं बदलतात, सराव दुप्पट होतो आणि लिहिताना मुलांचा हात किंचित अडखळतो. ते अडखळणं मला फार मोलाचं वाटतं.

आता अभियांत्रिकीच्या मुलांसाठी सगळ्यात नेमकं साहित्य. पर्यावरणावरचे लेख शोधत बसू नका, सुरक्षा माहितीपत्रक घ्या. आपण ज्याला एसडीएस म्हणतो ते. कोणत्याही रसायनाचं, कूलंटचं, पेंटचं किंवा फौंड्रीतल्या रेझिनचं माहितीपत्रक जगभर त्याच १६ भागांत आणि त्याच क्रमानं असतं. सहाव्या भागात सांडलं तर काय करायचं, बाराव्यात परिसंस्थेवरचा परिणाम, तेराव्यात विल्हेवाट. जर्मन कंपन्यांची पत्रकं इंटरनेटवर फुकट मिळतात. इंग्रजी प्रत शेजारी ठेवली की ए-टूचा मुलगासुद्धा जर्मन प्रत वाचू शकतो, कारण वाक्यं ठरलेली आहेत. एच ४१० म्हणजे जलचरांसाठी अतिशय विषारी, परिणाम दीर्घकाळ टिकणारा. पी २७३ म्हणजे पर्यावरणात मिसळू देऊ नका. हे संकेत एकदा कळले की मुलगा कुठल्याही देशातलं लेबल वाचतो. जर्मन पत्रकात आणखी एक गोष्ट सापडते, पाण्याला असलेल्या धोक्याचा वर्ग, १ ते ३. आपल्या मुलांना ही कल्पनाच नवी असते.

मी वर्ग घेऊन थेट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाते. लेथजवळ कूलंटचा ड्रम असतो, तेलानं माखलेलं कॉटन वेस्ट असतं, चिप्सचा ढीग असतो, थिनरचा डबा असतो. गटागटानं एकेक वस्तू घ्यायची, तिचं पत्रक शोधायचं आणि जर्मनमध्ये लेबल लिहून चिकटवायचं: हे काय आहे, कशाला लागतं, संपल्यावर कुठं जातं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धडाधड येतात. तिसऱ्याला मुलं वर्कशॉप इन्स्ट्रक्टरकडं बघतात. इन्स्ट्रक्टर कधी सांगतात की अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्याला देतो, कधी म्हणतात बघावं लागेल. 'बघावं लागेल' असं उत्तर आलं तर ते जर्मनमध्ये तसंच लेबलवर लिहायचं. कुणाला दोष देऊ नका. पण ती चिठ्ठी ड्रमवर राहू द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती बदलण्याचा प्रयत्न करणं हा त्यांचा पहिला गृहपाठ.

वाळूचंही असंच आहे. आपल्या शहराचं पोट फौंड्रीवर चालतं आणि प्रत्येक फौंड्रीच्या मागे काळ्या वापरलेल्या वाळूचा ढीग असतो. मेकॅनिकलची मुलं मोल्डिंग शिकतात, बेंटोनाइट आणि कोळशाच्या पुडीचं प्रमाण सांगतात, पण साच्यातून कास्टिंग बाहेर पडल्यावर वाळूचं पुढं काय हे त्यांच्या आकृतीत नसतं. प्रक्रियेचं वर्णन हा जर्मनमधला नेहमीचा प्रकार आहे: आधी, मग, त्यानंतर, शेवटी. मी 'शेवटी' नंतर आणखी तीन वाक्यं मागते. वाळू परत वापरायची तर चाळावी लागते, तिच्या कणांवरचा जळका थर काढावा लागतो. रेझिन लावलेली असेल तर उष्णता देऊन तो जाळावा लागतो. ते जमलं नाही तर ती कुठंतरी टाकली जाते. 'कुठंतरी' म्हणजे कुठं, हे ज्याच्या गावच्या ओढ्याशेजारी टाकतात तो मुलगाच सांगतो.

आता इतिहास. परदेश म्हणजे स्वर्ग हा समज मोडायला त्यांच्याच चुका कामी येतात. जर्मनच्या वर्गासाठी मी एम्शर नदी घेते. जर्मनीतल्या रुर औद्योगिक पट्ट्यातली ही नदी साधारण आपल्या पंचगंगेएवढीच, ऐंशीच्या आसपास किलोमीटर लांब. खाली कोळशाच्या खाणी, त्यामुळं जमीन खचत राहायची, जमिनीखालून गटारवाहिन्या टाकता येत नव्हत्या. म्हणून त्यांनी नदीच सरळ करून काँक्रीटच्या पात्रात घातली आणि शंभरावर वर्षं उघडी गटार म्हणून वापरली. आसपासच्या गावांचं आणि कारखान्यांचं सगळं सांडपाणी तीतून वाहायचं. खाणी उत्तरेकडं सरकल्यावर जमीन स्थिरावली आणि १९९२ साली नदी पूर्वपदावर आणायचं काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची भूमिगत मुख्य वाहिनी टाकली, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत जाणारं सांडपाणी बंद झालं. खर्च पाच अब्ज युरोंच्या वर. मुलांना मी तारखा आणि आकडे देते आणि भूतकाळात गोष्ट सांगायला लावते. वजाबाकी तीच करतात: जवळजवळ तीस वर्षं. 'पंचगंगा दोन वर्षांत शुद्ध करू' अशी घोषणा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. मुलं मग मला विचारतात, आपल्याकडं जयंती नाल्याचं पाणी अडवून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात ते किती, आणि पावसाळ्यात काय होतं? हा प्रश्न जर्मनच्या तासाला आला तर सिव्हिलच्या सरांना वर्गात बोलवा. तो प्रश्न त्यांचा आहे आणि त्यांना तो आवडतो.

मिनामाताचा धडा मात्र मी घाईनं उरकत नाही. जपानी शिकवणाऱ्या मॅडमना सोबत घेऊन जोडतास घेते. क्युशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचा उत्प्रेरक वापरायचे आणि त्यातून मिथिल मर्क्युरी सांडपाण्यातून खाडीत जायचा. तो माशांत साठला, माशांतून माणसांत. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. कारण हा कारखानाच आहे हे सरकारनं मान्य करायला सप्टेंबर १९६८ उजाडला. बारा वर्षं. या बारा वर्षांतल्या एकाच वर्षावर, १९५९ वर, मी वर्ग थांबवते.

त्या वर्षी कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे मांजरांना कारखान्याचं सांडपाणी अन्नातून देऊन पाहत होते. ऑक्टोबरमध्ये ४०० क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणं दिसली. कंपनीनं निकाल बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये कंपनीनं 'सायक्लेटर' नावाचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र समारंभानं सुरू केलं आणि अध्यक्षांनी त्यातून आलेलं म्हणून ग्लासभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्या वेळी या यंत्रातून जातच नव्हतं. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढायला ते यंत्र बनवलेलंच नव्हतं.

केमिकलच्या मुलांना हे ऐकताना काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तपासणीच्या दिवशी चालणारी ईटीपी त्यांनी ऐकलेली असते, काहींनी इंटर्नशिपला पाहिलेलीही असते. आता जर-तरचं व्याकरण काढायचं. जर्मनमध्ये कोन्युंक्टिव्ह झ्वाय, 'इश व्युर्ड': मी असतो तर केलं असतं. तीन भूमिका द्यायच्या: दवाखान्यातले डॉक्टर, सायक्लेटरचं ड्रॉइंग काढणारा अभियंता आणि खाडीत मासे धरणाऱ्या घरातली मुलगी. प्रत्येकानं पाच वाक्यं. डॉक्टर आणि मुलगी सगळ्यांना हवी असतात. अभियंत्याची भूमिका कुणी मागत नाही, म्हणून ती मी चिठ्ठ्या टाकून देते. एका मुलानं लिहिलं होतं, 'मी ड्रॉइंगवर लिहीन: हे यंत्र पारा काढत नाही.' एकच वाक्य, तेही क्रियापदाची जागा चुकलेलं. पण कर्ता होता, क्रिया होती आणि जागा होती, कागदावर. मी त्याला त्या भूमिकेचे पूर्ण गुण दिले.

होसोकावांनी १९७० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, आजारी अवस्थेत न्यायालयापुढं साक्ष दिली, हे मी चर्चेनंतर सांगते, आधी सांगत नाही. आधी सांगितलं तर मुलं तेच उत्तर म्हणून लिहून मोकळी होतात.

ऑटोमोबाइलची मुलं असतील तर फोक्सवागन घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं नोटीस काढली: डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालू करायचं, आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण परवानगीच्या ४० पटीपर्यंत जायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. २०१७ मध्ये या प्रकरणात एका अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. कॉम्प्युटरच्या मुलांना 'आमचा काय संबंध' असं वाटत असतं, ते या धड्यानं संपतं. यावर जर्मन बातम्या सोप्या भाषेतही मिळतात.

आता एक नाजूक बाब. तुमच्या वर्गात फौंड्री मालकाचा मुलगा असेल, साखर कारखान्यातल्या केमिस्टची मुलगी असेल, आणि ज्यांच्या शेतात ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात अशी तर अर्धी मुलं असतील. शिरोळ तालुक्यातला एखादा असेल, ज्याच्या गावाला शहराचं आणि इचलकरंजीचं पाणी सोसावं लागतं आणि ज्यानं तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पाहिलेला असेल. या मुलांना एकमेकांसमोर आरोपी-फिर्यादी म्हणून उभं करू नका. मी जोड्या लावते: वरच्या अंगाचा एक, खालच्या अंगाचा एक. प्रश्नार्थक शब्दांचा सराव म्हणून एकमेकांची मुलाखत. तुमच्याकडं पाणी कुठून येतं, कधी येतं, कसं दिसतं, उन्हाळ्यात कोण काय करतं. मग जोडीदाराबद्दल तृतीय पुरुषात लिहायचं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट नीट लिहायची तर ती नीट ऐकावी लागते. २०१२ च्या इचलकरंजीतल्या काविळीच्या साथीत घरातलं माणूस गेलेली मुलंही वर्गात असू शकतात, म्हणून मुलाखतीत कुठल्याही प्रश्नाला 'उत्तर द्यायचं नाही' म्हणायची मोकळीक द्या आणि ते जर्मनमध्ये कसं म्हणायचं हे आधीच शिकवा.

पाचट पेटवणाऱ्या घरातल्या मुलाला 'का पेटवता' विचारलं तर तो खरी कारणं सांगतो: मजूर मिळत नाही, खोडवा लवकर फुटावा लागतो, उंदीर होतात. ती लिहू द्या. त्यानंतर 'ओबव्होल', म्हणजे 'असं असूनही', या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य मागा. पुष्कळदा तो स्वतःच लिहितो की शेजारचे काका पाचट सरीत कुजवतात आणि खत वाचवतात.

विभागप्रमुखांना पटवायचं असेल तर दोन मुद्दे पुरतात. पहिला नोकरीचा. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयक कायदा १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला, सुरुवातीला किमान ३,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आणि २०२४ पासून किमान १,००० असलेल्यांना. त्यातल्या पर्यावरणाच्या जबाबदाऱ्या पाऱ्यावरचा मिनामाता करार, घातक कचऱ्यावरचा बासेल करार आणि टिकून राहणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार यांना धरून आहेत. म्हणजे आपल्याकडून कास्टिंग घेणारी जर्मन कंपनी तिथून प्रश्नावली पाठवते आणि ती इथं कुणातरी तरुण इंजिनिअरच्या टेबलावर येते. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम अशा ठराविक मालाच्या आयातीसाठी कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली, तोही इथंच भरावा लागतो. ज्यानं कॉलेजात ड्रमवर लेबल लावलंय तो त्या रकान्यात थाप मारायला कचरेल, अशी माझी आशा आहे, आणि काही माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती खरी ठरलेली मी पाहिली आहे.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी-वन तोंडी परीक्षेत एक छोटं सादरीकरण असतं: विषय, माझा अनुभव, माझ्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि माझं मत, समारोप. तिथं 'माझ्या देशातली परिस्थिती' या भागात मुलं गांगरतात, कारण पुस्तकात फक्त जर्मनीची परिस्थिती असते. आपली मुलं तिथं राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात, इराणी खणीतलं मूर्ती विसर्जन सांगतात, पंचगंगा घाटावरचं निर्माल्य दान सांगतात. बोलायला खरं काही असलं की वाक्य अडत नाही. भाषेचा तास वाया जाईल ही भीती तिथं मिटते.

गुण देताना मतांना गुण देऊ नका. मुलांना कुठलं मत मॅडमना आवडतं हे चटकन कळतं आणि मग सगळेच झाडांवर प्रेम करू लागतात. मी तीन गोष्टी बघते: भाषा, वाक्यात करणारा आहे का, आणि दिलेली माहिती तपासता येईल अशी आहे का. 'खूप प्रदूषण होतं' याला शून्य. 'आमच्या वर्कशॉपमध्ये दर महिन्याला एवढे लिटर कूलंट बदललं जातं आणि ते अमुक ठिकाणी जातं' याला पूर्ण. आकडा इन्स्ट्रक्टरकडून विचारून आणलेला हवा, मनचा नको. निष्पत्तीच्या तक्त्यात हा निकष सरळ बसतो आणि पुरावा म्हणून पोस्टरच्या फोटोपेक्षा लेबलांच्या झेरॉक्स कितीतरी बऱ्या.

दोन तासांत हे सगळं एका वर्षी करायला जाऊ नका. यंदा तीनच गोष्टी घ्या: जुलैत पाणीपातळीचे आकडे, ऑगस्ट-सप्टेंबरात हॉस्टेलची नियमावली, आणि दिवाळीनंतर वर्कशॉपची लेबलं. कर्मणी प्रयोग आणि मिनामाता बी-वनच्या तुकडीसाठी ठेवा. माहितीपत्रकं आधी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या, तिथं ती फाइलला लावलेली असतात. वर्कशॉप इन्स्ट्रक्टरना मात्र तासाच्या आदल्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन भेटा, मुलं काय विचारणार आहेत ते सांगा आणि त्यांचं उत्तर काय असेल ते आधी स्वतः ऐकून घ्या.